आजीची गोधडी बोहारणीच्या ढिगात जाण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: परळच्या चाळीतलं घर पुनर्विकासाला गेलंय. तीन-चार वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची आहेत. माळ्यावरून आजीने हाताने शिवलेल्या चार गोधड्या निघाल्या, शिवाय आईच्या हातचे क्रोशाचे रुमाल, एक मण्यांचं तोरण आणि लोकरीचा स्वेटर. सगळं ठेवायला जागा नाही आणि टाकवत नाही. काय ठेवू, कसं ठेवू, हवा काढून घेणाऱ्या पिशवीत भरलं तर चालेल का?

आधी एक विनंती. गोधड्यांना आज हात लावू नका. घर आवरताना जीव अडकलेल्या वस्तू पहिल्या काढल्या की दोनपैकी एक होतं. एकतर अख्खा दिवस त्यांच्यापाशीच जातो, नाहीतर संध्याकाळी थकून-चिडून सगळंच बोहारणीच्या ढिगात पडतं. चाळीच्या माळ्यावर जागा खरोखर कशाने अडलेली असते ते बघा: मिक्सर-टीव्हीचे रिकामे खोके, आहेरात आलेले न वापरलेले डबे, मासिकांचे गठ्ठे, बंद पडलेला पंखा. मधोमध दुमडून गुंडाळलेल्या एका गोधडीला साधारण तीन फूट लांब आणि फूटभर रुंद जागा लागते. मिक्सरचे दोन खोके गेले की ती मिळते. म्हणून कागद, भांडी, फर्निचर, रोजचे कपडे हे आधी हातावेगळं करा. नव्या घरातल्या कपाटाचा कोणता कप्पा मोकळा राहतो ते टेपने मोजा आणि मगच गोधड्या उघडा. तोवर त्या एका स्वच्छ चादरीत बांधून वर "टाकू नये, गुंडाळायला वापरू नये" अशी मोठी चिठ्ठी लावा. दुसरं वाक्य मुद्दाम लिहायचं, कारण सामान हलवणारी माणसं फ्रिज आणि कपाटाभोवती गुंडाळायला हाताला लागेल ती जुनी गोधडी घेतात, आणि टेम्पोच्या दोरखंडाखाली ती एका फेरीत फाटते.

आता निवड. चारही गोधड्या एकेक करून दिवसाच्या उजेडात, पलंगावर स्वच्छ पांढऱ्या चादरीवर पसरा. हात कोरडे असू द्या, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. एक टोक हळूच उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलं की आतले थर दिसतात. वरच्या लुगड्याच्या खाली दुसऱ्याच लुगड्याचा काठ आडवा गेलेला असतो, कुठे धोतराचा पांढरा तुकडा, कुठे परकराचं छापील कापड. बहुतेक घरगुती गोधड्यांत तीन ते पाच थर असतात आणि ते सगळे फक्त धावदोऱ्याने धरलेले असतात. अनेक गोधड्यांत टाका कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यावर येऊन संपतो. तो मध्य शोधा. शेवटची गाठ बरेचदा तिथे सापडते. ओळींमधलं अंतर बोटभर असेल आणि टाके सारखे असतील, तर ती गोधडी अजून बराच काळ टिकू शकते. टाके तुटून ओळी मोकळ्या झाल्या असतील तर आतले थर सरकून गोळा होतात, आणि वापरताना ओढ बसते ती नेमकी त्या जागी.

कापड विरलंय का हे ओढून बघू नका. ओढलं की फाटतंच. नजरेने बघा. उभ्या धाग्यांच्या दिशेने बारीक चिरा, झटकल्यावर चादरीवर पडणारी पिठासारखी भुकटी, गडद तपकिरी किंवा काळ्या भागावर इतर रंगांपेक्षा जास्त झीज, या तीन खुणा महत्त्वाच्या. जुन्या काळ्या आणि तपकिरी रंगांत अनेकदा लोहाचे क्षार असत, आणि त्यांनी सुती धागा आतून कुजतो. त्यामुळे काळ्या चंद्रकळेचा तुकडा आधी गेला आणि शेजारचा लाल तुकडा शाबूत राहिला असं दिसतं. यात शिवणाऱ्याची चूक काही नसते.

माझं स्पष्ट मत: चारांपैकी एक, फार तर दोन ठेवा आणि त्यांना नीट जागा द्या. कोंबून ठेवलेल्या चारांची अवस्था पाच पावसाळ्यांत सारखीच वाईट होते. निवडताना "कोणती सर्वात देखणी" हा निकष पुरेसा नाही. जिच्यातली लुगडी कोणाची होती हे घरात अजून कोणीतरी सांगू शकतं, ती आधी. सांगणारी माणसं असतील तर याच आठवड्यात त्यांच्यासमोर गोधडी पसरा आणि ते बोलतील तसं लिहून घ्या. त्यानंतर हातकाम आणि कापडाची ताकद. उरलेल्यांपैकी धडधाकट असेल ती भावंडांत ज्याला खरोखर अंथरायची-पांघरायची आहे त्याला द्या. अगदी विरलेली असेल ती फेकू नका. तिचे स्वच्छ तुकडे ठेवायच्या गोधडीच्या घडीत भराव म्हणून वापरता येतात. पण चांगली गोधडी भावंडांत वाटायला कापू नका. कापलेल्या कडेला धावदोरा उसवायला लागतो आणि चार वर्षांनी कोणाकडेच काही राहत नाही. वाटायचीच असेल तर दर दोन वर्षांनी घर बदलेल असं ठरवा. गोधडीला ते सोसतं.

हवा काढून घेणाऱ्या पिशवीबद्दल: नको. तीन कारणं आहेत. दाबाने घडीच्या रेषेवर जुना धागा तुटतो आणि पुढे त्याच रेषेवर चीर जाते. आत अडकलेली ओल बाहेर पडू शकत नाही. आणि त्या पिशव्यांच्या झडपा काही महिन्यांत हळूहळू हवा आत घेतात, म्हणजे मुंबईची पावसाळी दमट हवाच. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की सुती कापडावर बुरशी धरते. मुंबईत जून ते सप्टेंबर ती सर्रास ८० च्या पुढे असते. वाळवी-कसरीपेक्षाही इथला पहिला शत्रू हा दमटपणा आहे, आणि पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

धुवायची की नाही? सरळ बादलीत टाकू नका. आधी कोरडी सफाई. गोधडीवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा अंथरा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वात कमी ओढीवर ठेवून जाळीवरून दोन्ही बाजूंनी हळू फिरवा. जाळी नसेल तर सुटे धागे नळीत ओढले जातात. बऱ्याच गोधड्यांना एवढंच पुरतं. कुबट वास राहिला तर दोन-तीन दिवस पंख्याखाली, सावलीत पसरून ठेवा. बुरशीचे पांढरे-हिरवे ठिपके असतील तर एन-९५ मास्क लावून, गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी, पूर्ण कोरड्या कापडावरूनच मऊ ब्रशने झाडा. ओल्या कापडावर घासलं तर बुरशी आत जाते.

डाग, पिवळेपणा, लहान मुलांच्या अंथरुणाचा वास असं काही असेल आणि कापडात ताकद असेल, तरच धुणं. त्याआधी रंगाची परीक्षा. प्रत्येक वेगळ्या तुकड्यावर, विशेषतः लाल, किरमिजी, जांभळा, हिरवा आणि काळा, ओला पांढरा कापूस ठेवून वर लहान वजन ठेवा. पाच मिनिटांनी कापूस बघा. नंतर हेच साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने करा, कारण काही रंग साध्या पाण्यात टिकतात आणि साबणात सुटतात. एकाही तुकड्याचा रंग आला तर धुऊ नका. मीठ किंवा व्हिनेगर घालून जुना सुती रंग पक्का होतो हा समज चुकीचा आहे, आणि त्या भरवशावर अनेक गोधड्या गुलाबी झालेल्या आहेत.

दिवस निवडणं अर्धं काम आहे. गावाकडे दसऱ्याआधी सगळ्या गोधड्या नदीवर जात. मुंबईत मात्र पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि नवरात्र बरेचदा त्याच्या आसपास किंवा आधी येतं. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा कोरडा काळ धरा. आदल्या रात्री पिंपात पाणी भरून ठेवा म्हणजे पाइपातला गंज आणि गाळ तळाशी बसतो. वरचंच पाणी वापरा. तानसा-भातसाचं नळाचं पाणी मऊ आहे, ते चांगलं. टँकर किंवा बोअरवेलचं असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर त्यातल्या लोहाचे पिवळट ठिपके उमटतात.

पाच बाय सात फुटांची, अडीच-तीन किलोची गोधडी भिजली की जवळजवळ तिप्पट जड होते, आणि ती एका टोकाने उचलली की स्वतःच्याच वजनाने फाटते. म्हणून बाळाच्या मोठ्या टबात आधी जुनी चादर अंथरा, तिच्यावर गोधडी पंख्याच्या घडीसारखी मागे-पुढे दुमडून ठेवा. पुढे प्रत्येक वेळी दोन माणसांनी चादरच उचलायची. पहिलं पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं, अर्धा तास. ते चहासारखं तपकिरी होईल. घाबरू नका, वर्षानुवर्षं कापडात साठलेली आम्लता आणि धूळ निघतेय. पाणी बदला आणि तीन-चार वेळा तेच करा. त्यानंतर रेशीम-लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण, दहा लिटर पाण्यात दोन चमचे. तळहाताने वरून फक्त दाबायचं आणि सोडायचं. ब्रश, धोपाटणं, पिळणं, मशीन, काही नाही. ब्लीच आणि नीळ तर अजिबात नाही. कपडे धुण्याची विकरयुक्त (एन्झाइमवाली) पावडर रेशीम आणि लोकरीचा धागा खाते, आणि इरकली लुगड्याचा पदर असेल तर गोधडीत रेशीम असू शकतं हे लक्षात ठेवा. फेस पूर्ण थांबेपर्यंत खळबळा, बहुधा पाच-सहा पाणी लागतात. साबण राहिला तर कापड पुन्हा पिवळं पडतं.

वाळत घालण्यातच बहुतेकांची चूक होते. बाल्कनीतल्या एका दोरीवर टाकली की सगळं वजन एका रेषेवर येतं. पाणी चादरीतूनच निथळू द्या, मग दोन जाड टॉवेलांत दाबून घ्या आणि गच्चीवर चटईवर कोरडी चादर टाकून आडवी पसरा. वर मच्छरदाणी लावा, कबुतरांसाठी. ऊन थेट नको, सावली आणि वारा हवा. सोसायटीची गच्ची मिळाली नाही तर कपडे वाळवायच्या दोन स्टँडवर चादर ताणून खाली-वर पंखे लावा. दर दोन तासांनी पालटा. वरून कोरडी वाटली तरी मधले थर ओले असतात. उलट्या हाताने मध्यभागी दाबून धरा, गार लागलं तर आत ओल आहे. तशीच गुंडाळली तर आठ दिवसांत कुबट वास येतो.

दुरुस्तीत एकच नियम पाळा: नवा दोरा जुन्या कापडापेक्षा कमजोर हवा. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही, तो जुनं कापड कापतो. बारीक सुती दोरा, नऊ-दहा नंबरची सुई. फाटलेल्या जागेखाली जुन्या मलमलीचा तुकडा सरकवून लांब, सैल टाक्यांनी धरा. मलमल नवी असेल तर गरम पाण्यात धुऊन तिची खळ आणि आटणं आधी काढून टाका. विरलेल्या भागावर मूळ रंगाची बारीक जाळी पसरून कडेने शिवली तर खालचं कापड दिसतंही आणि सुटतही नाही. इस्त्रीने चिकटणारं अस्तर, फेव्हिकॉल, चिकटपट्टी वापरू नका. आणि आजीने स्वतः लावलेली ठिगळं, रंग जुळत नसला तरी, काढू नका. गोधडीचं वय सांगणारी तीच खूण आहे.

ठेवायचं कसं, ते आता. मांजरपाट किंवा मलमल धुऊन खळ काढलेली घ्या. मंगळदास मार्केटात मीटरवर मिळते, आणि तिथेच कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची रिकामी नळी मागा. चार इंच जाडीची असेल तर उत्तम. पुठ्ठ्यात आम्ल असतं, म्हणून नळीवर आधी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि मग मलमल गुंडाळा. गोधडी लांबीत मधोमध एकदा दुमडा, दुमडीत मलमलीची मनगटाएवढी जाड वळकटी ठेवा म्हणजे धारदार घडी पडत नाही, आणि सैल गुंडाळा. कपाट छोटं असेल आणि गुंडाळी मावत नसेल तर घडी चालेल, पण प्रत्येक घडीत तशीच वळकटी हवी आणि दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदलायची. वर काही ठेवायचं नाही, दोन रजयाही नाहीत.

घरात जागा निवडताना भिंत बघा. मुंबईचा पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आतून ओलं राहतं. आतल्या भिंतीजवळचं रंगवलेलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, मागे दोन-तीन इंच मोकळे, ही सर्वात बरी जागा. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, स्वयंपाकघराचा माळा नको, वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालचा माळा तर नकोच. पलंगाखालची प्लायची पेटी सोयीची असली तरी प्लायमधून आम्ल वाफा निघतात, त्यामुळे तिथे ठेवायची असेल तर आधी झाकणाच्या डब्यात. डबा तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला घ्या, ३ असलेला टाळा. गंजलेल्या ट्रंकेचे डाग कापडावरून कधीच जात नाहीत.

आर्द्रता दाखवणारा लहान डिजिटल मापक दोन-चारशे रुपयांत मिळतो, तो कपाटात ठेवा. सिलिका जेल उघड्या कपाटात टाकून उपयोग नाही, दोन दिवसांत हवेतली ओल पिऊन बसतं. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र पाव किलो जेल छान काम करतं. नारंगी दाण्यांचं घ्या. ते हिरवट झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं रसायन असतं, ते टाळलेलं बरं.

डांबरगोळ्या घालू का, हा पुढचा प्रश्न असतोच. वन बीएचकेत नको. आणि ती गोधडी बाळाच्या अंगावर येणार असेल तर मुळीच नको. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात नॅफ्थलीनच्या वाफेने लाल रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. त्याऐवजी कसरीला खायलाच ठेवू नका: खळ, घामाचे आणि अन्नाचे डाग काढलेलं कापड तिला फारसं आकर्षक नसतं. वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी ठेवायची प्रथा चांगली आहे, फक्त ती कापडाला चिकटू न देता कोपऱ्यात ठेवा, आणि तिच्यावर पूर्ण भिस्त नको. खरं काम डोळ्यांनी होतं. मेच्या शेवटी आणि दिवाळीच्या सुमाराला, वर्षातून दोनदा, गुंडाळी उघडून बघा.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. लोकरीचा स्वेटर हा भुंगेऱ्यांच्या आणि पतंगांच्या अळ्यांचा आवडता. त्याला भोकं किंवा वाळूसारखी विष्ठा दिसली तर दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास न उघडता तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव जमतं. स्वेटर टांगू नका, लांबतो. क्रोशाचे रुमाल साध्या पाण्यात अनेकदा भिजवून धुवा, खळ-नीळ न घालता ठेवा, आणि आकार यावा म्हणून टाचण्या लावल्या तर त्या स्टेनलेस स्टीलच्याच. मण्यांच्या तोरणात मणी टिकतात, दोरा कुजतो. ते उभं टांगून ठेवू नका. आडवं ठेवा, आधी नमुन्याचा फोटो घ्या, आणि दोरा ठिसूळ असेल तर जाणकाराकडून ओवून घ्या. सगळं एका डब्यात मावतं.

रुमाल फ्रेम करायचा विचार असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा: कापड चिकटवायचं नाही, मलमल चढवलेल्या आम्लरहित पुठ्ठ्यावर टाके घालून बसवायचं, आणि काच व कापड यांत किमान पाव इंच अंतर ठेवायचं. काचेला टेकलेल्या कापडावर मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते.

आणि ठेवलेली गोधडी वापरायची का? धडधाकट असेल तर जरूर. जानेवारीत मुंबईत जे थोडे गारव्याचे दिवस येतात तेव्हा वर सुती खोळ घालून पांघरा. तिला हवाही लागते आणि तुमची नजरही फिरते. विरलेली असेल तर फक्त पसरून मुलांना दाखवा.

ठेवण्याआधी एका कोपऱ्यात, उलट्या बाजूला, सुती फितीचा बोटभर तुकडा शिवा. फितीवर आधीच कापडावर न पसरणाऱ्या मार्करने लिहून, धुऊन, वाळवून घ्या. शिवणारीचं नाव, गाव, अंदाजे साल, आणि कोणाकोणाची लुगडी: "मधला हिरवा तुकडा मोठ्या काकूंचा, लाल काठ पणजीचा" एवढं. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, दोन्ही बाजू घ्या. आणि घर हलवायच्या दिवशी ही गुंडाळी टेम्पोत देऊ नका. टॅक्सीत स्वतःच्या मांडीवर घ्या.